प्रेरी क्वीनची किंमत

मित्रांनो, तुमच्यासमोर उभी असलेली मी एक जुनी सायकल. जाड टायरांची, वजनाला भारी आणि खास बायकांसाठी घडवलेली. अंगावर गंजाचे ठिपके आहेत. मोजायचे असतील तर खुशाल मोजा, मला राग येत नाही.

माझा जन्म १९५१ सालचा, शिकागोतल्या एका कारखान्यातला. माझा सांगाडा जोडणारा कारागीर कामाच्या नादात पुटपुटत होता, "युद्धात इथे तोफगोळ्यांची कवचं केली. त्यापेक्षा हे बरं." मी ऐकलेले ते पहिले वाक्य. मग मला फिकट हिरवा आणि सायीसारखा पांढरा रंग मिळाला. पुढच्या चाकावर एक मोठी स्प्रिंग बसली, म्हणजे खडबडीत रस्त्यावर बसणाऱ्याला हिसके लागू नयेत. मडगार्डवर थेंबाच्या आकाराचा दिवा लागला. कपाळावर पत्र्याचा बिल्ला ठोकला गेला : 'प्रेरी क्वीन', म्हणजे माळरानाची राणी.

तिथून मी आयोवा राज्यात आले, मिसिसिपी नदीच्या काठावरच्या हार्लन्स लँडिंग या गावात. दुकानाच्या काचेआड मी तीनच दिवस होते. चौथ्या दिवशी ओपल ड्रीसन आली. पायांत पुरुषी बूट, खांद्याला चामड्याची जड पिशवी.

दुकानदार हसला. "ओपल, चौतीस वर्षांची झालीस. सायकल पोरीबाळींसाठी असते गं."

"मग मला पोरगी समज आणि हवा भरून दे," ती म्हणाली.

ओपल पियानोचे सूर लावून देत असे. हे काम तिच्या वडिलांचे. ते गेल्यावर लोकांना वाटले, आता बाहेरगावचा माणूस बोलवावा लागणार. ओपलने कुणाला विचारले नाही. पिशवी उचलली आणि ती निघाली. मक्याच्या शेतांमधून, खडीच्या रस्त्यांनी, एका दिवसात कधी तीन-तीन घरे. मी ओसरीच्या कठड्याला टेकून उभी राहायची आणि आतून एकच सूर पुन्हा पुन्हा यायचा. आधी तो थरथरायचा, उकळत्या पाण्यासारखा. मग हळूहळू थरथर विरायची आणि सूर नदीच्या संथ पाण्यासारखा स्थिर व्हायचा. मका सळसळायचा. उन्हात माझी सीट तापायची. मला वाटे, जग असेच एकेका सुराने जागेवर येत असावे.

माझा आवाज ओळखून बायका स्वयंपाकघरातून बाहेर येत. "आली गं ओपल! कॉफी चढवा!" दर रविवारी चर्चहून आल्यावर ती जुन्या बनियनच्या चिंधीने मला पुसायची, साखळीला तेल द्यायची. अठ्ठावीस वर्षांत एक रविवार चुकला नाही.

एका व्यक्तीला मात्र मी आवडत नसे. ओपलची भाची मार्लिस. पंधरा वर्षांची असताना ती उन्हाळ्यात राहायला आली आणि मला बघून तिने तोंड फिरवले. "मावशी, मोटार घे ना गं! लोक हसतात आपल्याला." ओपल नुसती हसली. मार्लिस त्या उन्हाळ्यात माझ्यावर एकदाही बसली नाही.

१९७९ च्या हिवाळ्यात ओपल बर्फावरून घसरली आणि तिचे कमरेचे हाड मोडले. मला मागच्या छपरीत ठेवले गेले. सुरुवातीला ती काठी टेकत यायची, सीटवरून हात फिरवायची. पुढे तेही तिला जमेना. टायर खाली बसले, उंदरांनी सीटमध्ये पिल्ले घातली. चौतीस वर्षे मी झोपले, मित्रांनो. त्या झोपेत खडीचे रस्ते माझ्या चाकांखालून वाहत राहिले. कधी वाटे, पाऊस पडतो आहे. कधी वाटे, कुणी सूर लावते आहे.

शहाण्णवाव्या वर्षी ओपल वारली. मार्लिस आता एकोणसाठ वर्षांची होती. ती घर रिकामे करायला आली आणि तिने अंगणात सामान विकायला मांडले. छपरीचे दार उघडले तेव्हा उजेडाने माझे डोळे दिपले.

लाल टोपी घातलेला एक व्यापारी लगेच माझ्यापाशी आला. "साठ सालानंतरची दिसते. मामुली आहे. पन्नास डॉलर देतो."

"थांब जरा." मागून डेलबर्ट क्लिंगमन आला. हा निवृत्त पोस्टमन. जुन्या सायकली ओळखण्याचा त्याला नाद होता. कण्हत कण्हत तो गुडघ्यांवर बसला, मला उलटी केली आणि पेडलच्या दांड्याखालची माती ओल्या बोटाने पुसली. तिथे माझा क्रमांक कोरलेला होता. तो किती मायेने वाचला त्याने! मग त्याने मागच्या चाकातल्या ब्रेकवरची खूण पाहिली, पुढची स्प्रिंग दाबली.

"मार्लिस, कपाळावरचं नाव विकणाऱ्या दुकानानं दिलेलं असतं. खरं कुळ खाली कोरलेलं असतं. ही एक्कावन्नची. रंगसुद्धा मूळचा आहे."

व्यापारी सावरला. "बरं, मग असं करू. स्प्रिंग, दिवा आणि मागचं कॅरियर मला द्या. सातशे देतो. जुन्या पुरुषी सायकली दुरुस्त करणाऱ्यांना हेच भाग लागतात. सांगाडा भंगारात घाला."

"आणि अख्खी विकली तर?" मार्लिसने विचारले.

"चारशे," डेलबर्ट म्हणाला. "बायकांच्या सायकलीला लोक कमीच देतात. का, ते मला विचारू नकोस. मला आजवर कळलेलं नाही."

मार्लिस व्यापाऱ्याला हो म्हणाली. पुढच्या शनिवारी तो अवजारे घेऊन येणार होता.

तो आठवडा डेलबर्ट रोज आला. "विकायचीच आहे तर हिचं ओळखपत्र तरी धड लिहून देतो," म्हणाला. त्याने मऊ फडक्याने, पाण्याच्या थेंबाथेंबाने मला पुसले. नवा रंग त्याने लावला नाही आणि जुना खरवडला नाही. टायर बदलले. धुळीखालून हिरवा रंग वर आला तेव्हा मार्लिस हातातली खोकी खाली ठेवून बघत उभी राहिली.

शनिवारी व्यापाऱ्याने पाना काढून माझ्या स्प्रिंगच्या नटाला लावला. लोखंडाला ओरडता येत नाही.

"एक मिनिट," डेलबर्ट म्हणाला. "माझ्या कागदावर एक रकाना रिकामा आहे. चालते की नाही? मार्लिस, बसून बघ. माझे गुडघे गेलेत."

"मी? या वयात?"

"आता नाही तर केव्हा?"

ती बसली. आधी लडखडली. मग उतार लागला आणि स्प्रिंग वरखाली श्वास घेऊ लागली. चर्च मागे पडले, दुकाने मागे पडली, डाव्या हाताला नदी चमकू लागली. मार्लिस एकटीच हसत होती, मग एकटीच रडत होती. एका ओसरीवरून थकलेला आवाज आला, "अगं, ही सायकल ओपलची ना?"

मार्लिस थांबली. "हो. मी तिची भाची."

"मग आत ये की! नुसती रस्त्यावर काय उभी?"

रुबार्बच्या आंबट देठांची गोड पेस्ट्री खाऊन, दोन तासांनी ती परतली तेव्हा व्यापारी टोपीने वारा घेत बसला होता.

"पाना ठेवा आत," मार्लिस म्हणाली. "विकायची नाही."

"बाई, सातशे डॉलर पाण्यात घालताय!"

"घालू द्या ना. पाणी माझं, डॉलर माझे."

डेलबर्टने कागदावर लिहिले : चालते.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी जुनी वस्तू कोपऱ्यात पडली असेल. तिची किंमत विचारण्याआधी तिला उलटून बघा. हलक्या हाताने पुसा, खरवडू नका. खाली कुठेतरी तिचा क्रमांक असतो आणि त्या क्रमांकामागे कुणाचे तरी सगळे आयुष्य.

मार्लिस आता याच घरात राहते. परवा वळणावर तिचा तोल गेला आणि आम्ही दोघी मक्याच्या शेतात आडव्या झालो. डेलबर्टने चष्मा लावून माझ्या मडगार्डवरचा लांब ओरखडा पाहिला आणि सुस्कारा सोडला. "पन्नास डॉलर गेले."

मार्लिसने केसांतले पान काढले. "जाऊ देत. उद्या सकाळी हवा भरून ठेवा."