अंगावरचा शब्द

टेबलावर फोन थरथरला आणि शेजारच्या पेल्यातला चमचा किणकिणला.

आवाज तो केवढासा! पण भुंगीला झोपवायला पाऊण तास लागला होता, त्यामुळे तिनं झडप घालून आधी चमचा धरला, मग फोन. भुंगी म्हणजे तिची साडेपाच वर्षांची लेक. 'का', 'कसं' आणि 'मग काय झालं' यांचा भुंगा दिवसभर आईच्या डोक्याला लावून ठेवायची, म्हणून घरानं हे नाव ठेवलेलं. शाळेतलं नाव फक्त शाळेला माहीत.

भुंगी कुशीवर वळली, पण उठली नाही. मग तिच्या आईनं निरोप वाचला. एकदा वाचला, दोनदा वाचला, मग फोन पालथा ठेवून तिसऱ्यांदा उचलला.

"कोण गं?" कपड्यांच्या घड्या घालता घालता सासूबाईंनी कुजबुजत विचारलं.

"दवाखाना."

"अगं बाई! कुणाला काय झालं?"

"कुणाला काही झालं नाही, आई. मी लेखी परीक्षेत पास झालेय. उद्या सकाळी नऊला बोलावलंय. दुभाषीच्या कामाच्या चाचणीला."

"म्हणजे दिवसभर दुसऱ्याचं बोलायचं?"

"हो."

"आणि स्वतःचं?"

"ते घरी येऊन."

"घरी तर मी बोलते," सासूबाई म्हणाल्या, आणि दोघींनी पदराआड, उशीआड तोंड लपवून हसू दाबलं.

त्या शहराची भाषा वेगळी आणि घरातली वेगळी. बाहेरची भाषा ती कॉलेजात रीतसर शिकली होती, पहिल्या वर्गात पास झाली होती, आणि एका कचेरीत अकरा महिने यंत्रांची माहितीपत्रकं घरच्या भाषेत आणत बसली होती. 'झाकण उघडण्यापूर्वी वीज बंद करा.' असली वाक्यं तिला अजून झोपेतसुद्धा पाठ होती. मग भुंगी झाली. कचेरीचं काम सुटलं, पण भाषेचं काही सुटलं नाही. इमारतीतले सगळे कागद जिन्यावर तिच्या मांडीवर येऊन पडायचे. "जरा एवढं वाच गं," म्हणत कुणी शाळेचं पत्र आणायचं, कुणी विम्याचं, कुणी कोर्टाचं. एका काकांनी तर कोर्टाची नोटीस समजून दोन दिवस जेवण सोडलं होतं. तिनं वाचलं तर पाण्याची टाकी धुणार असल्याची ती सूचना निघाली. काका पुढे कित्येक दिवस तिला "वकीलसाहेब" म्हणत.

गेल्या दोन-तीन वर्षांत शहराबाहेर कारखाने उभे राहिले आणि घरची भाषा बोलणारी माणसं बायकापोरांसकट कामाला आली. तेव्हापासून जिकडे तिकडे एकच मागणी: दुभाषी हवेत, भाषांतरकार हवेत. कोर्टाला हवेत, शाळांना हवेत, फोनवर तक्रारी ऐकणाऱ्या कंपन्यांना हवेत. वाचनालयाच्या फळ्यावर पूर्वी हरवलेल्या मांजरांचे फोटो असायचे, तिथं आता या जाहिराती दाटीवाटीनं लागल्या. तिनं सात ठिकाणी अर्ज केले. सातही ठिकाणी तोच प्रश्न: मधली पाच वर्षं रिकामी का? रिकामी! तिनं तेव्हा भुंगीकडे पाहिलं होतं आणि रडावं की हसावं ते कळलं नव्हतं.

हा आठवा अर्ज. दवाखान्यानं स्पष्ट लिहिलं होतं, की तिच्या भाषेसाठी जागा एकच आहे. मनासारखं माणूस मिळालं नाही तर जागा रद्द करून भाषांतर करणाऱ्या टॅब्लेटवरच काम चालवू. म्हणजे हे गेलं, तर मग तिनं पुन्हा जिन्यावर बसायचं.

दुसऱ्या दिवशी पावणेनऊला ती दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर हजर होती. भिंती फिकट हिरव्या, फरशी नुकतीच पुसलेली, आणि खुर्च्या एकमेकींना अशा जोडलेल्या की एकानं पाय हलवला की पाचजण हलायचे. मुख्य दुभाषीबाई आल्या. उंच, चष्मा साखळीला अडकवलेला. त्यांना तीन भाषा यायच्या, पण घरची भाषा त्या तिघींत नव्हती.

"नियम सांगते," बाई बाहेरच्या भाषेत म्हणाल्या. "पेशंट जे बोलेल तेवढंच, आणि सगळं. पदरचं काही घालायचं नाही, नको वाटलं म्हणून गाळायचं नाही. पेशंट 'मी' म्हणाला की तुम्हीही 'मी'च म्हणायचं. स्वतःबद्दल बोलायची वेळ आली, तर 'दुभाषी' म्हणायचं. दुभाषीला ऐकू आलं नाही, दुभाषी खुलासा विचारते, असं. कळलं?"

"कळलं."

"आणि मधली पाच वर्षं?"

आलं! पण या वेळी तिनं मान खाली घातली नाही. "पाच वर्षं मी आमच्या इमारतीची टपालकचेरी होते, बाई. कोर्टाचे कागद, विम्याचे कागद, प्रसूतीच्या फाईली, शाळेच्या तक्रारी. फक्त दारावर पाटी नव्हती."

बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. हसल्या नाहीत, पण काहीतरी लिहिलं.

सकाळ छान गेली. एका आजोबांचा गुडघा, एका तरुणाचं बोट, एका बाईंची साखर. आजोबा डॉक्टरांना म्हणाले, "तुमच्या वयाचा माझा नातू आहे, तोही असाच ऐकून न ऐकल्यासारखं करतो." तिनं ते जसंच्या तसं, एक अक्षर न गाळता सांगितलं. डॉक्टर खो खो हसले. कोपऱ्यात बसलेल्या मुख्य बाईंच्या चष्म्याची साखळीसुद्धा हलली. तिला वाटलं, जमतंय. कितीतरी वर्षांनी तिची जीभ आखडलेल्या पायांसारखी मोकळी होत होती.

चौथी पेशंट एक सडपातळ बाई. खांद्यावर अडीच वर्षांची मुलगी गाढ झोपलेली. डोकं दुखतं, दोन महिने झाले, डोळ्यांपुढे चमकतं, उलटी येते.

"इतके दिवस का आला नाहीत?" डॉक्टरांनी विचारलं.

"अंगावर काढलं," बाई म्हणाली.

इथं तिला मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटावीशी वाटली. टॅब्लेटनं याचं काय केलं असतं देव जाणे. तिनं सांगितलं, "मी औषध न घेता सहन करत राहिले."

"झोप लागते का?"

"झोप कुठली हो, रात्रभर अंगावरच असते ही. सुटतच नाही."

मुलगी समोर आईच्या अंगावर झोपलेलीच होती. तिनं सरळ सांगितलं, "झोप नाही. ही रात्रभर माझ्या अंगावर झोपते, सोडतच नाही."

"घरात तान्हं बाळ आहे?"

"नाही, ही एकटीच."

डॉक्टरांनी मान हलवली, गोळ्या लिहिल्या. जरा जोराच्या आहेत, दोन आठवडे घ्या, गाडी चालवू नका. तिनं सगळं सांगितलं. बाईनं चिठ्ठी घेतली, उठली. उठताना हिसका बसला आणि मुलगी जागी झाली. रडली नाही. डोळे चोळत तिनं आईच्या गळ्याशी हात घातला आणि वरचं बटण ओढायला लागली.

"थांब गं," बाई हळूच म्हणाली, "बाहेर गेल्यावर."

नियम असा, की खोलीत बोललेला प्रत्येक शब्द सांगायचा. तिनं सांगण्यासाठी तोंड उघडलं आणि तिची नजर त्या बटणावर अडकली.

अंगावर. अंगावर झोपत नव्हती ती. अंगावर पीत होती!

आणि हे कुणाला कळलं नव्हतं? जिनं स्वतः भुंगीला तीन वर्षांची होईपर्यंत पाजलं, जिच्या सासूनं चारचौघांत "आमची अजून अंगावरचीच आहे" असं शंभरदा सांगितलं, तिला! अंगावर काढल्याचं भाषांतर करून इतकी खूश झाली की पुढचं अंगावर तिच्या डोळ्यांदेखत निसटलं.

खोलीत दोन्ही भाषा जाणणारं दुसरं कुणीच नव्हतं. ती गप्प राहिली असती, तर ही चूक या चार भिंतींत कुणालाच दिसली नसती. कोपऱ्यात मुख्य बाईंचं पेन कागदावर टेकलेलं होतं. एक जागा. आठवा अर्ज. बाईचा हात दाराच्या मुठीवर होता.

"दुभाषी चुकली आहे," ती बाहेरच्या भाषेत म्हणाली. आवाज ठरवला होता त्यापेक्षा मोठा निघाला. "दुभाषी एक खुलासा विचारते."

डॉक्टर थांबले. बाई दारात थांबली. पेन काहीतरी लिहू लागलं, त्याची कुरकुर तिला ऐकू आली.

"ताई," ती घरच्या भाषेत म्हणाली, "ही अजून अंगावर पिते का?"

बाई कानशिलापर्यंत लाल झाली. "पिते हो. एवढी घोडी झाली तरी. लोक नावं ठेवतात, म्हणून मी उघड बोलत नाही. का? त्यानं डोकं दुखतं?"

तिनं ते सगळं सांगितलं, घोडीसकट. डॉक्टरांचा चेहरा बदलला. त्यांनी हात पुढे केला, चिठ्ठी परत घेतली आणि फाडून टाकली. "ह्या गोळ्या दुधातून मुलीला गेल्या असत्या," ते म्हणाले. दुसरं औषध लिहिलं, ते कसं घ्यायचं ते समजावलं, आणि वर म्हणाले, "पाजता यात लाजण्यासारखं काही नाही, असं सांगा त्यांना." तिनं सांगितलं. बाईनं मुलीचं डोकं छातीशी धरलं आणि पहिल्यांदा सरळ मान वर करून पाहिलं.

मग डॉक्टर म्हणाले, "मी तुमचा आभारी आहे."

ती सवयीनं वळली आणि बाईला म्हणाली, "मी तुमचा आभारी आहे."

"माझे आभार? ते आणि कशाला?" बाई गोंधळली.

तिनं तेही इमानेइतबारे डॉक्टरांना सांगितलं. "माझे आभार? ते आणि कशाला?"

"त्यांचे नाही हो," डॉक्टर हसत म्हणाले. "ते दुभाषीला होतं."

आता याचं भाषांतर कुणासाठी करायचं, ते तिला सुचेना. तिचे कान तापले, आणि बाहेरच्या भाषेतलं शाळेतल्या पोरींना येतं तेवढं 'असू द्या'सुद्धा तिला आठवलं नाही.

दुपारी मुख्य बाईंनी तिला आपल्या खोलीत बोलावलं. टेबलाची काच, काचेखाली सुट्ट्यांची यादी, खिडकीत एक सुकत चाललेली कुंडी.

"कुणाला कळलं नसतं," बाई म्हणाल्या. "मला तर नाहीच."

"तिनं घरी जाऊन गोळी घेतली असती, बाई."

"चाचणी आहे हे ध्यानात होतं ना?"

"होतं. म्हणूनच तर आवाज एवढा मोठा निघाला."

बाईंनी कागद फिरवून तिच्यापुढे धरला. त्यावर लिहिलं होतं: चूक एक. त्याखाली: स्वतः सांगितली. "त्या टॅब्लेटला इथं येऊन दोन वर्षं झाली," बाई म्हणाल्या. "रोज चुकतं. आजवर एकदाही 'मी चुकलो' म्हणालेलं नाही." मग त्यांनी खणातून एक जाड वही काढली. दवाखान्यात फसवणारे शब्द त्यात भाषेनुसार लिहून ठेवलेले होते, म्हणजे मागून येणारा पुन्हा त्याच खड्ड्यात पडत नाही. एका पानावर वर फक्त तिच्या भाषेचं नाव होतं. खाली पान कोरं.

"सुरुवात तुम्ही करा. सोमवारपासून यायचंच आहे, तर आजच एक शब्द लिहून जा."

सोमवारपासून! तिनं पेन घट्ट धरलं. घरच्या भाषेतल्या अक्षरांत 'अंगावर' लिहिलं आणि समोर बाहेरच्या भाषेत अर्थ मांडायला बसली. अंगावर पाजणं. दुखणं अंगावर काढणं. काम अंगावर घेणं. अंगावर येणं, म्हणजे मारायला धावणं. अंगावर ओरडणं. अंगावर पांढरं जाणं, हे तर बायकांच्या तपासणीत हटकून लागणार. अंगावर काटा. अंगावरचे दागिने. पान भरलं, तरी शब्द संपेना. मुख्य बाई वाकून पाहत होत्या.

"एका शब्दात एवढं?"

"आमचा आहेच तसा," ती म्हणाली, आणि जणू तो शब्द तिनं स्वतः वाढवून मोठा केलेला असावा अशी तिची मान ताठ झाली.

घरी पोचेपर्यंत बातमी तिच्या आधी पोचली होती, कारण तिनं जिन्याच्या तळाशी भेटलेल्या टाकीवाल्या काकांना सांगितली होती. सासूबाई दारातच उभ्या होत्या आणि वरच्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात शेजारणीला सांगत होत्या, "मोठे मोठे डॉक्टर अडतात हो, हिच्याशिवाय पान हलत नाही त्यांचं!"

"आई, अजून एक दिवससुद्धा काम केलेलं नाही मी."

"तू गप्प बस. दुसऱ्याचं बोलायला तू, तुझं बोलायला मी."

भुंगीनं तिला हाताला धरून आत ओढत नेलं, पलंगावर बसवलं आणि समोर मांडी ठोकली. "पहिल्यापासून सांग."

तिनं पहिल्यापासून सांगितलं. आजोबांचा गुडघा, तरुणाचं बोट, खांद्यावर झोपलेली छोटी.

"मग डॉक्टरांनी कागद फाडला?"

"फाडला."

"टर्रकन?"

"टर्रकन."

भुंगीला ते फार आवडलं. तिनं हवेत दोन-तीन कागद फाडले. मग तिच्या कपाळावर ती ओळखीची आठी आली.

"पण तू चुकलीस, हे डॉक्टरांना कुणी सांगितलं?"

"मी." हे सांगताना तिला दिवसभरात वाटला नव्हता एवढा अभिमान वाटला.

"आणि तुला कुणी सांगितलं?"

"त्या छोटीनं. ती जागी झाली ना, आणि आईचं बटण ओढायला लागली. तेव्हा मला कळलं."

भुंगीनं आईच्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"आई," तिनं विचारलं, "आणि ती उठलीच नसती तर?"