ठकुबाईने भरलेली टेप

तुळजा सहावीत दुसऱ्यांदा नापास झाली, तेव्हा रामनाथ गुरुजींनी तिच्या आईला शाळेत बोलावून घेतलं.

"पोरगी गुणाची आहे, ठकुबाई, पण अभ्यास तिच्या डोक्यात शिरत नाही. उगाच आणखी एक वर्ष घालवू नका. घरकामाला लावा."

ठकुबाईला ते पटलं नाही. तिने तुळजाला पुन्हा सहावीतच बसवलं. कीर्तनाहून आल्यावर हीच पोरगी अख्खं आख्यान बुवांच्या खोकल्यासकट म्हणून दाखवायची. पुस्तक हातात घेतलं की मात्र तिला घाम फुटायचा.

"आये, अक्षरं एका जागी ऱ्हातच न्हाईत," ती सांगायची. लिहायला बसली तर 'मगर'चं 'गरम' व्हायचं. याला काही नाव असेल हे तेव्हा शेलार गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. मास्तर आळशी म्हणायचे आणि पोरं येडी म्हणायची.

ठकुबाई स्वतः चौथी शिकलेली. जोडाक्षर आलं की अडखळायची, तरी ती तुळजाला धडे वाचून दाखवू लागली. तीनदा ऐकलं की तुळजाला धडा पाठ. पण ठकुबाईला कापड विणणाऱ्या लूमवाल्यांसाठी सुताच्या कांड्या भरायच्या असत. हात पुस्तकात गुंतले की कांड्या राहत आणि कांड्या भरायला घेतल्या की धडा राहत असे.

शेजारी इद्रिसभाई राहायचे, आझमगढकडचे विणकर. त्यांना वाचता येत नव्हतं आणि कुवेतला गेलेल्या त्यांच्या भावाला लिहिता येत नव्हतं. म्हणून भाऊ कॅसेटमध्ये बोलून ती पाठवायचा आणि इद्रिसभाई त्यानेच धाडलेल्या टेपरेकॉर्डरवर ऐकायचे. शुक्रवारी लूम बंद असायचे. अशाच एका शुक्रवारी ओटीवर टेप चालू होती. ठकुबाई कांड्या भरता भरता थांबली.

"भाईजान, ये दुबारा बोलता हाय?"

"जितनी बार चाहो, भाभी. मशीन थकती थोडी है."

ठकुबाईने लगेच आपल्या मनातलं सांगितलं: धडे असेच टेपमध्ये भरून ठेवायचे, म्हणजे तुळजाला हवे तितक्यांदा ऐकता येतील. इद्रिसभाईंनी सगळं ऐकून घेतलं. ते आत गेले, ऐकून झालेल्या सहा कॅसेटी घेऊन आले आणि टेपरेकॉर्डरही तिच्यापुढे ठेवला. "इसी पर भर लो. बच्ची पढ़ेगी तो मेरा भाई भी खुश होगा."

मग दर शुक्रवारी, तुळजा शाळेत गेली की, ठकुबाई दार लावून बसायची. पहिल्यांदा तिला स्वतःच्या आवाजाचीच लाज वाटली. नवरा सावळाराम म्हणाला, "बातम्या वाचतेस का काय?" पण पोरांनी गलका करू नये म्हणून तोच बाहेर पायरीवर राखणीला बसू लागला. इतिहास भरला, भूगोल भरला, विज्ञानही भरलं. धडा संपला की मागून कुवेतचा भाऊ बोलायचा, "अम्मी को सलाम कहना." तुळजाला तेही पाठ झालं.

वार्षिक परीक्षेच्या आधी ठकुबाई हेडमास्तरांपुढे उभी राहिली. "पोरीला लिवता येत न्हाय, पन येतंय सगळं. तोंडी घ्या."

"असा नियम नाही," रामनाथ गुरुजी म्हणाले.

हेडमास्तर गुरुजींकडे वळले. "घेऊन तर बघू. प्रश्न तुम्हीच विचारा, गुरुजी."

तुळजा टेबलापुढे उभी राहिली. ठकुबाई दाराशी थांबली. खिडकीला पोरं लटकली होती. इतिहासाचे पाच प्रश्न झाले, पाचही बरोबर आले. भूगोलातही ती अडली नाही. गुरुजींनी विज्ञानाचं पुस्तक उघडलं.

"ओलं फडकं उन्हात वाळतं. त्या क्रियेला काय म्हणतात?"

"बापशीभवन," तुळजा ठणकावून म्हणाली.

खिडकीत हशा पिकला. गुरुजींनाही हसू आवरेना. तुळजाचा चेहरा उतरला. तेवढ्यात ठकुबाई आत आली. तिचे कान तापले होते.

"गुरुजी, चूक माजी हाय. मला जोडाक्षर वाचता आलं न्हाय. मी जसं भरलं तसं तिनं सांगितलं. नाव सोडा, तिला अर्थ इचारा."

गुरुजींनी पुस्तक मिटलं. "सांग, म्हणजे काय होतं?"

"पान्याची वाफ व्हते," तुळजा सावकाश म्हणाली, "उकळी न फुटता. खाडीवरच्या मिठागरात पानी कोंडतात. उन्हानं त्याची वाफ व्हऊन वर जाते, मीठ खाली ऱ्हातं. वारा असला तर लवकर. पावसाळी हवेत न्हाय, म्हनून मीठ उन्हाळ्यात पिकतं."

खिडकीतलं हसू थांबलं. मिठागराचं उदाहरण पुस्तकात नव्हतं. गुरुजींनी हेडमास्तरांकडे पाहिलं आणि मग ते तुळजाकडे वळले.

"बाष्पीभवन. म्हण."

"बाष्पीभवन," तुळजा म्हणाली, अगदी स्पष्ट.

"हे मी शिकवलेलं नाही, ठकुबाई," गुरुजी म्हणाले. "तुम्ही शिकवलंय." आणि गुण लिहायला त्यांनी गुणपत्रिका स्वतःकडे ओढून घेतली.

तुळजा सातवीत गेली, विज्ञानात वर्गात पहिली. निकाल ऐकून सावळारामने सबंध आळीत पेढे वाटले. इद्रिसभाईंनी तर कुवेतला कॅसेटच पाठवली, तीत तुळजाचं मिठागराचं उत्तर तिच्याच आवाजात. पुढच्या शुक्रवारी रामनाथ गुरुजी सातवीची पुस्तकं घेऊन ठकुबाईच्या ओटीवर हजर. "जोडाक्षरं मी वाचतो. बाकीचं तुम्हीच वाचा, तुमचा आवाज तिच्या कानाला सवयीचा आहे."

दिवाळीनंतर शेजारच्या दापोडे गावाहून धोंडूबाई नावाची बाई आपल्या पोरीला घेऊन आली. त्या पोरीचीही अक्षरं हलायची. ठकुबाईने दोघींना आत बसवलं, दार लावलं, टेपरेकॉर्डर धोंडूबाईपुढे सरकवला आणि ती तिला सांगू लागली, "घाई करू नको. थोडंच वाच, मंग थांब, पोरीला म्हनायला जागा ठेव. आन् लाजू नको. तुजा आवाज तिला ग्वाडच लागनार."