तपासणीची तयारी

"नगरचा डॉक्टर नुसत्या बाटल्या खपवतो," एडविनदादा म्हणाला. "पुण्यात स्पष्ट सांगितलंय, आत्ता थेंब नकोत. सहा महिन्यांनी दाखवा."

केडगावच्या घरात विल्सनमामा खुर्चीत बसले होते. त्यांचा डावा डोळा लहानपणीच विटी लागून गेलेला. भांडण उरलेल्या उजव्यासाठी होतं. नगरला त्या डोळ्याचा दाब एकोणतीस भरला, काचबिंदूची सुरुवात म्हणून रोज रात्री एक थेंब सांगितला. पुण्यात दाब सोळा भरला.

"नगरच्यांचे पेशंट कांदा निघाल्याशिवाय परत येत नाहीत, म्हणून ते लगेच औषध देतात," मी म्हणाले. "पुण्याचे बोलावलं की येतात, तिथे थांबता येतं. पण थेंब बंद असताना एकोणतीसचे सोळा आपोआप कसे झाले?"

"बीएस्सी झालीस, डॉक्टर नाही. आमच्या घरात नाक खुपसू नकोस, एंजल."

मी फ्रिज उघडला. दारातच थेंबांची बाटली होती. त्यावर मामांचं मास्तरी, वळणदार अक्षर: 'उघडली ३ मार्च'. पुण्याला ते गेले बारा मार्चला.

"मामा, जायच्या आधी नऊ दिवस थेंब घातलेत?"

"मग? जानेवारीपासून बंद होते, डोळा लाल व्हायचा. पण तपासणीला कुणी तसंच जातं का? शाळा तपासायला साहेब येणार म्हटलं की आम्ही आठ दिवस आधीपासून पोरांकडून पाढे घोकून घ्यायचो."

"आणि मी डॉक्टरांना सांगितलं, औषध बंद आहे!" दादा ओरडला. "पप्पा, तोंडावर पाडलंत मला."

मामा उठले. "पस्तीस वर्षांत माझ्या शाळेला एक वाईट शेरा नाही. आणि ही कालची पोरगी माझी झडती घेते? चालती हो."

मी हलले नाही. "दादा, पुण्याला फोन लाव."

त्याने माझ्याकडे खाऊ की गिळू असं बघत लावला आणि नऊ दिवसांच्या थेंबांचं सांगितलं. डॉक्टरांचा आवाज सगळ्यांनी ऐकला. "म्हणजे तो सोळा औषधाचा होता! मग मीही थांबणार नाही. थेंब आजच सुरू करा. डोळा लाल होत असेल तर दुसरं औषध देता येईल."

दारात उभ्या मरियामामीने पुढे येऊन बाटली घेतली. मामांनी डोळा गच्च मिटला.

"उघडा," मामी म्हणाली. "शेरा मिळाला ना चांगला? आता तो वाचायला डोळा ठेवा."

"आधी ही बाहेर."

मी चपला घातल्या आणि पायरीवर थांबले. आतून मामीचा आवाज आला, "मान वर. हलू नका."