झुडपीकडची माती

खाप्याहून कन्हानच्या काठाकाठानं खाली आलं की आमचं गाव लागतं. गाव आणि नदी यांच्या मध्ये झुडपी जंगलाचा एक पट्टा आहे. पळस, बाभूळ, धावडा, अधूनमधून मोहाची झाडं. नव्या माणसाला वाटतं, हे पहिल्यापासून असंच आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा ते दर उन्हाळ्यात थोडं थोडं मागे सरकत होतं. लाकडानं भरलेल्या बैलगाड्या पहाटेच नागपूरच्या टालांवर जायला निघत. पावसाळ्यात उघड्या पडलेल्या काठाला नदी खात सुटे. आमच्या वावराचा एक तुकडा उभ्या तुरीसकट माझ्या डोळ्यांसमोर कन्हानमध्ये गेला.

तेव्हापासून आमच्या घरच्यांना, म्हणजे माझ्या मालकांना, एकच ध्यास लागला. झुडपी वाचली तर काठ वाचेल आणि काठ वाचला तर गाव, असं ते ज्याला त्याला सांगत फिरायचे. लोक ऐकून घेत, सुपारी देत आणि दुसऱ्या दिवशी गाडी जुंपत. तरी ते फिरत राहिले. चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात एकदाचा सारा गाव पिंपळाच्या पाराजवळ बसला. कोणी मारुतीचं नाव घेऊन तर बौद्धपुऱ्यातल्या लोकांनी बाबासाहेबांचं नाव घेऊन शब्द दिला, की झुडपीत कुऱ्हाड नेणार नाही.

सवलती ठरल्या. नांगर-वखराला लागेल तेवढं लाकूड पाच जणांना विचारून घ्यायचं. लग्नाच्या मांडवाला डहाळ्या चालतील. वाळून पडलेल्या काटक्या बायांनी मंगळवारी वेचायच्या. माझी थोरली जाऊ प्रयागबाई बायांच्या घोळक्यातून म्हणाली, "आन् कोणाचं काही बरंवाईट झालं तं?"

पारावर नत्थूजी बसले होते. गावातलं वजनदार माणूस. ते म्हणाले, "चांगल्या कामात असं तोंडातून काढू नये वं बाई."

सगळ्यांनी माना डोलावल्या आणि तो विषय तिथेच राहिला. मांडवाचा नियम झाला, सरणाचा झाला नाही.

मग चुलीत काय घालायचं, हा प्रश्न आला. आमच्या घरच्यांनी स्वतःपासून सुरुवात करायची म्हणून गोबर गॅस बांधला. जनावरांचं शेण त्यात जायचं आणि वर संडासही त्यालाच जोडला होता. निळी ज्योत पहिल्यांदा पेटली तेव्हा ते लहान मुलासारखे चुलीपुढे बसून राहिले. पण त्या दिवसापासून आमच्याकडे चहाला कोणी येईना. चंपतराव माझे भासरे, म्हणजे यांचे थोरले भाऊ, प्रयागबाईंचे मालक. शेजारीच राहायचे. ते अंगणात येत, भावाशी बोलत आणि मी चहा टाकला की उठत. "माह्या पोटात गॅस आधीच लय आहे गा देवराव," असं म्हणत आणि हसत हसत निघून जात. हेही हसायचे. म्हणायचे, "वर्षभरात सारा गाव हाच चहा पिईल, पाहशील तू."

शहात्तरच्या श्रावणात हे गेले. कावीळ झाली होती. खाप्याच्या दवाखान्यात नेलं, परत आणलं आणि एका सकाळी ते उठलेच नाहीत. लेकरू आम्हाला नव्हतं. बाहेर झड लागली होती, चार दिवसांपासून उघाड नव्हती.

आमच्याकडे रीत अशी, की कोणी गेलं म्हणजे प्रत्येक घरातून एक लाकूड आणि दोन गोवऱ्या यायच्या. त्या दिवशीही आल्या. पण झड कधी थांबेल कोणाला ठाऊक होतं? चुलीपुरतं कोरडं जळण जो तो जपून होता. आलेली लाकडं मनगटाएवढी, तीही ओली. बंदीनंतर गावात मोठ्या माणसाचं मरण झालंच नव्हतं. आणि मरणाच्या घरी, माझ्या घरी, एकही गोवरी नव्हती. सगळं शेण गॅसमध्ये जात होतं.

मी आत बसले होते. दाराच्या फटीतून अंगण दिसत होतं.

नत्थूजी चंपतरावांना म्हणत होते, "एक वाळला धावडा पाहून ठेवला आहे मी. देवरावनं लावली बंदी, देवरावसाठीच सोडू. कोणी बोट दाखवणार नाही."

"एकानं का होते?" दुसरं कोणीतरी म्हणालं. "आतून ओला निघंल तो. दोन-तीन तं लागतेच."

"तोडा," चंपतराव म्हणाले. "माह्या भावाले लाकूड भेटलं नाही, असं कोणी म्हणू नये."

माणसं घरी जाऊन कुऱ्हाडी घेऊन आली. ती वाईट माणसं नव्हती. यांच्यासाठीच भिजत उभी होती. पण मी त्या कुऱ्हाडींकडे पाहिलं. दोन वर्षं वापरात नव्हत्या म्हणायच्या, तर एकीवरही गंज नव्हता. घरोघरी त्या तेल लावून ठेवल्या होत्या.

मी प्रयागबाईंना म्हटलं, "बाई, त्यायले सांगा, झुडपीत कुऱ्हाड नेऊ नका म्हणा."

"मंग जाळाव कायनं वं? तुह्या घरी तं गोवरी नाही एक."

"जाळू नका म्हणा. माती द्या."

त्या माझ्या तोंडाकडे पाहत राहिल्या. "तुले समजते का तू काय बोलून राहिली ते? मी नाही सांगत. तुहा भासरा मले उभी चिरन."

आमच्यात सून भासऱ्यासमोर बोलत नसे. लग्नाला बारा-तेरा वर्षं झाली होती आणि चंपतरावांशी मी एक शब्द बोलले नव्हते. जे असेल ते प्रयागबाईंच्या तोंडून. पण त्या उठेनात आणि बाहेर माणसं निघायला लागली. मी पदर डोळ्यांपर्यंत ओढला, ओसरीवर आले आणि खांबाकडे पाहून बोलले.

"कुऱ्हाडी ठेवा. त्यायले माती द्या. झुडपीच्या कडेला आपली पड जमीन आहे, तिथं."

चंपतराव माझ्याशी बोलले नाहीत. माझ्यामागे दारात येऊन उभ्या राहिलेल्या प्रयागबाईंना म्हणाले, "तिले विचार, आपल्या घरचं कोणतं मोठं माणूस मातीत गेलं आजवर? दात न आलेली लेकरं जाते मातीत."

प्रयागबाई माझ्याकडे वळल्या, पण चंपतराव थांबले नाहीत.

"तिले विचार, याले मी खांद्यावर बसवून खाप्याच्या बाजारात नेत होतो. आता मी याले आगही देऊ नको?"

मी पुन्हा खांबालाच म्हटलं, "आज ह्यायच्यासाठी तोडलं, तं उद्या तुम्ही कोणाले नाही कसं म्हणाल?"

नत्थूजींनी हातातली कुऱ्हाड भिंतीला टेकवली. मग दुसऱ्यानं टेकवली. चंपतराव शेवटी म्हणाले, "फावडे आणा."

आमच्याकडे बाया स्मशानात जात नाहीत. मातीलाही गेल्या नाहीत. त्यांना नेलं तेव्हा मी दारापर्यंतच गेले. पुढचं सगळं नंतर ऐकलं, की वरची काळी माती लोण्यासारखी निघाली, खाली मुरूम लागला, आणि डोक्याकडे चंपतरावांनी नदीतला एक गोटा आणून स्वतःच्या हातानं बसवला.

तेरवीपर्यंत मी घराबाहेर पडले नाही. त्याच दिवसांत कन्हानला पूर आला. पाणी नाल्यातून उलटं चढलं आणि आमच्या पडीवर पसरलं. ओसरलं तेव्हा सगळीकडे सारखा गाळ होता. मी गेले तर कुठे काही उंचवटा नाही, गोटा नाही. खड्डा खणणाऱ्यांना विचारलं. एक म्हणाला बाभळीजवळ, दुसरा म्हणाला नाल्याकडे. नत्थूजींनी हात केला तो या दोन्हींच्या मधे. नेमकं ठाऊक असणारा माणूस एकच होता.

भासरे माझ्याशी आधीही बोलत नव्हते, त्यामुळे ते आता बोलत नाहीत हे गावाच्या लक्षातच आलं नाही. मला मात्र कळत होतं. पूर्वी अंगणात यायच्या आधी ते खाकरायचे, मी पदर घ्यावा म्हणून. ते खाकरणं ऐकू येईनासं झालं. तेरवीला ते आले, पंगतीला बसले नाहीत.

झुडपी राहिली. त्याच वर्षी, दिवाळीनंतर, गाव पुन्हा पाराजवळ बसला आणि या वेळी मरणाचं नाव घेऊन नियम केला. पडलेलं लाकूड उन्हाळ्यात गोळा करायचं आणि शाळेमागे एक छप्पर घालून त्याखाली ठेवायचं, कोणाच्याही घरच्या सरणासाठी. पुढे नत्थूजी गेले तेव्हा चांगलं खडखडीत लाकूड मिळालं त्यांना. मीही माझ्या वाट्याचं लाकूड दिलं. गावातल्या मोठ्या माणसांपैकी मातीत गेलं ते एकटं माझंच.

गॅस मी चालू ठेवला. हळूहळू इतरांनीही बांधले. चहाला मात्र माझ्याकडे कोणी फारसं आलं नाही, आता संडासामुळे नव्हे, सवय मोडली होती म्हणून. संध्याकाळी मी ज्योत लावायची, एक कप पाणी ठेवायची, आणि ते लवकर उकळायचं. दोन कपांना जेवढा वेळ लागायचा, तेवढाही लागत नसे.

पडीवर मी नांगर घातला नाही. कुठे फाळ लागेल ते ठाऊक नव्हतं. मग त्या गाळात पळसाची रोपं आली, बोरी आल्या, धावडे आले. जे उगवलं ते झुडपीतलंच, त्याला कुऱ्हाड लावायची नाही. पाच-सहा वर्षांत पड कुठे संपते आणि झुडपी कुठे सुरू होते, ते सांगता येईना.

चंपतराव थकले, अंथरुणाला लागले. ते साल ब्याऐंशी असावं. मी प्रयागबाईंना म्हटलं, "बाई, एकदा विचारा त्यायले, गोटा कुठं बसवला होता. मले पाणी टाकाले जागा नाही."

त्या म्हणाल्या, विचारते. तीन-चार दिवसांनी त्या माझ्याकडे तांदूळ निवडायला बसल्या होत्या. मी वाट पाहिली. मग मीच विचारलं.

"हो, विचारलं ना," त्या म्हणाल्या. "म्हणे, तिले सांग, ती सारी झुडपीच त्याची आहे म्हणा."

"रागानं म्हणाले?"

"आता मी का त्यायच्या तोंडाकडे पाहून राहिली होती? मी भाकरी टाकत होती."

"आवाज कसा होता?"

"दमा आहे त्यायले. आवाज का राहणार?" त्यांनी सुपातला खडा काढून फेकला आणि थोड्या वेळानं म्हणाल्या, "पुन्हा विचारू का?"

मी नको म्हटलं. पोळा झाला आणि चंपतराव गेले. त्यांना शाळेमागच्या छपराखालचं लाकूड मिळालं, अग्नी मुलानं दिला.

पितृपक्षात मी तांब्या घेऊन झुडपीत जाते. गर्दी असते आत, झाडांची. काटे लागतात, लुगडं अडकतं. वाटेत पहिलं जे झाड लागेल त्याच्या बुडाशी पाणी ओतते आणि परत येते. दर वर्षी झाड वेगळं असतं.