राईची उशी

साताऱ्यातल्या निम्म्या बायकांची मापं मला तोंडपाठ होती आणि त्याचा मला माज होता. सोमवार पेठेतलं माझं शिवणाचं दुकान म्हणजे आमच्या घराचीच पुढची खोली. गल्लीतून नवी बाई चालली की टेप न लावता मी आकडा सांगायची, तोही आमच्या ह्यांना. ते बिचारे पेपर वर करून तोंड झाकायचे.

तर अशा मला, पंच्याहत्तर साली, डाव्या छातीत गाठ झालेली सहा महिने कळली नाही. ब्लाऊज काचतो म्हणून मी तीनदा शिवण उसवली, टक बदलले, कापड आटलं म्हणून कापडवाल्याशी भांडून आले. शेवटी दिवाळीनंतर मिरजेच्या दवाखान्यात डावा स्तन काढावा लागला. जीव वाचला. घरी आल्यावर मी देवापुढे नाही, आधी आरशापुढे उभी राहिले, यावरून काय ते समजा.

गिऱ्हाइकांना कळता कामा नये, एवढंच डोक्यात होतं. जिच्या हातचा ब्लाऊज चपखल बसतो म्हणून बायका येतात, तिचाच एका बाजूने रिकामा, या विचाराने मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. सगळ्यांना मी अपेंडिक्स सांगितलं आणि चांगलं रंगवून सांगितलं. कापूस भरून पाहिला, तो दुपारपर्यंत दबून जायचा. मग ट्रंकेतून लेकाची राईची उशी काढली. तान्हेपणी त्याचं डोकं गोल व्हावं म्हणून माझ्या आईने शिवलेली. लेक आता मॅट्रिकला. ती उसवून राई मी एका छोट्या पिशवीत भरली आणि पिशवी ब्लाऊजच्या आत बसवली. वजन नेमकं, आकारही छान घेई. एकदा ती राईसकट धुतली आणि खिडकीत विसरले, तर चार दिवसांनी तिला कोंब फुटले. आमचे हे म्हणाले, "भाजी करायची का?" दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी हसू आलं आणि हसता हसता खूप रडले. मग नवी राई आणून भरली.

पुढच्या तपासणीला मिरजेचे डॉक्टर म्हणाले, मुंबईत हल्ली कातडीखाली सिलिकॉनची पिशवी बसवतात. मी खुर्ची पुढे ओढली आणि कापड घेताना विचारते तसं विचारायला लागले. आटतं का? ते म्हणाले, कधी कधी भोवतालचं मांस आवळतं, मग ती कडक लागते. फाटते का? फाटू शकते. जन्मभर टिकते? सांगता येत नाही, गोष्टच नवी आहे, पुढे कधीतरी पुन्हा उघडावं लागेल असं धरूनच चाला. पुढे अंग भरलं तर सैल करता येते का? ते हसून नाही म्हणाले.

"मग फायदा काय?"

"जिवाला काही नाही, मनाला असेल. काही बायकांना त्याने पुन्हा पूर्ण झाल्यासारखं वाटतं. काहींना तुमच्यासारखी बाहेरची पिशवी पुरते. घाई नको. आधी गाठ परत येत नाही ना, ते पाहू."

असलं कापड मी कुणालाही घेऊ दिलं नसतं. तरी मुंबईच्या डॉक्टरांच्या नावाचं पत्र मागून आणलं.

एक गोष्ट मात्र मला खात होती. ऑपरेशननंतर दोनेक महिन्यांनी बायका अंगावर माप द्यायच्याच बंद झाल्या होत्या. जी ती जुना ब्लाऊज पुढ्यात टाकायची आणि "याच्यावरनं बेता" म्हणायची. माझ्या हातावरचा यांचा विश्वास उडाला, असं मी धरून चालले होते.

श्रावणात चंद्राबाई आली. ही मूळची वडूजची, नवरा सैन्यात, मुलांच्या शाळेसाठी आमच्या गल्लीत खोली घेऊन राहायची. जुना झंपर ठेवून म्हणाली, "उमाताई, याच्यावर बेता. फकस्त डावीकडनं ढिला धरा. लय काचतंय."

माझी कात्री थांबली. "किती दिवस झाले?"

"झालं की चार म्हयनं. तुमची शिवणच आवळ हाय."

हेच मी स्वतःला सहा महिने सांगत आले होते. मी दार लावलं आणि माप घ्यायच्या निमित्ताने हात लावून पाहिलं. गाठ होती, सुपारीएवढी. उद्याच मिरजेला चला, म्हटलं.

"कापत्याली," ती म्हणाली. "मग मालक सुट्टीवर आलं की काय बघत्याली? लोकं हसत्याली. ऱ्हाऊ द्या." झंपर गुंडाळून ती उठलीसुद्धा.

ती तशीच गेली असती तर पुन्हा कधी या गोष्टीवर बोलली नसती. मी ब्लाऊजमध्ये हात घातला, पिशवी काढली आणि मशीनवर ठेवली.

चंद्राबाईने पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ठावं हाय," ती म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

"संक्रांतीपासनं ठावं हाय, सगळ्यास्नी. माप घ्याला तुमी हात वर क्येला की ती गळ्यापतूर सरकती. म्हणून तर आमी मापाचा झंपर घिऊन येतो. तुमाला उगं हात उचलाया लागू नये."

पेठेची मापं मी ओळखत होते, आणि माझं माप साऱ्या पेठेला माहीत होतं. माझं अपेंडिक्स या बायकांनी किती गंभीरपणे ऐकून घेतलं होतं, वर पेजही आणून दिली होती. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त त्यांच्यावर माया आली.

"मग मला कुणी हसलं का?" मी विचारलं.

चंद्राबाईने गुंडाळलेला झंपर उलगडून त्याची नीट घडी घातली. "न्हाई," ती म्हणाली आणि परत खाली बसली. "मिरजंची यष्टी कवा असती?"

दुसऱ्या दिवशी आम्ही पहिल्या एसटीने निघालो. मुंबईचं पत्र माझ्या पर्समध्येच होतं. मुंबईला जायचं की नाही, ते अजूनही ठरलं नव्हतं. कराड मागे पडलं तरी चंद्राबाईने माझा हात सोडला नव्हता. मग हळूच म्हणाली, "माजी उशी तुमीच शिवा. पर माप घिऊन शिवा. तुमची बारकी झालीया."

मी खाली पाहिलं. बोटभर कमी होतीच.