कोंबडीचे दात

कडूबानं कोंबडीची चोच उघडली आणि आत अंगठा घातला.

अंबडच्या बाजारात, भरदुपारी, कोंबड्यांच्या रांगेत सगळ्यांच्या देखत हे घडलं. चाळीस वर्षं मेंढरं राखलेला माणूस तो. जनावर घ्यायचं म्हटलं की आधी दात बघायचे, दोनदाती की चारदाती त्यावरून वय ठरवायचं. हात आपला सवयीनं गेला. अंगठा आत फिरला आणि थांबला. चूक कडूबाच्याही ध्यानात आली, पण तोवर उशीर झाला होता.

"आरं बघा रं! कडूबा कोंबडीचे दात मोजून राह्यला!" मागून आबाराव ओरडला.

सगळी रांग हसली. आबाराव त्यांच्याच गावचा. तसा वाईट नव्हे, पण गंमत हाती लागली की ती गावभर वाटल्याशिवाय त्याला घास गोड लागत नसे. कडूबानं कोंबडी खाली ठेवली, धोतराला हात पुसला. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, त्यामुळे कोण हसतंय ते त्याला दिसत नव्हतं. दिसत नव्हतं म्हणूनच सारा बाजार हसतोय असं त्याला वाटलं.

"चल घरी," तो बायकोला म्हणाला.

आसराबाई जागची हलली नाही. दोन वर्षांमागं मेंढरांत रोग शिरला आणि महिन्याभरात मेंढवाडा रिकामा झाला. त्याच साली कडूबाची नजर गेली. त्यानं काठी खुंटीला टांगली आणि ओट्यावर बसला तो बसलाच. जेवा म्हटलं की जेवायचा, निजा म्हटलं की निजायचा. या दिवाळीनंतर आसराबाईनं कोंबड्यांचा विषय काढला, तेव्हा "मेंढक्याच्या दारात कोंबड्या?" एवढंच तो म्हणाला होता. मला एकटीला पारख जमायची न्हाई, असं सतरांदा म्हणून तिनं त्याला बैलगाडीत बसवलं होतं. खरं तर तिला अंड्यांची काही हौस नव्हती. नवरा ओट्यावरून उठावा, एवढंच तिला हवं होतं. आज असंच परतलं, तर तो पुन्हा कधी उंबरठा ओलांडायचा नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"जाऊत की," ती म्हणाली. "पण मला समद्या एकसारख्याच दिसून राह्यल्या. तुमी हात लावून सांगा, मंग जाऊत."

हे साफ खोटं होतं. एक लालभडक, चकचकीत तलंग तिच्या मनात केव्हाच भरली होती. अजून अंड्यावर न आलेली, ऐन उमेदीची कोंबडी. पण तिनं ती उचलली नाही.

विकणारी शहागडची सगुणाबाई समजूतदार होती. ती एकेक कोंबडी कडूबाच्या मांडीवर ठेवू लागली. त्यानं वजन तोललं. पायांची खवलं चाचपली, पायामागचं नख किती वाढलंय ते पाहिलं. दात नसले तर नसोत, वय कुठं ना कुठं लिहिलेलं असतंच. चौथी कोंबडी हातात आली तसा तो थबकला. तिच्या पोटाखालची पिसं झडलेली होती, आणि तिथं कातडी ऊन लागत होती.

"ही घे."

"अवो, म्हातारी हाय ती. मान बी उघडी पडली!"

"खुडूक हाय. अंड्यांवर बसायला बघती." कडूबाचा हात तिच्या पोटाखालीच होता. "तलंग अंडं घालील अन् इसरून जाईल. नव्यानं मांडायचं तर आधी आई पाहिजे. कळप आईच्या जिवावर उभा ऱ्हातो. दोन तलंगा मंग वरून घे."

दोन वर्षांत तो एवढं एका दमात बोलला नव्हता. आसराबाईनं म्हातारी घेतली. वरच्या दोन तलंगांत लाल आलीच.

शेजारच्या सोनूबाईकडून अकरा अंडी आणून खुडुकीखाली मांडली. पण जागा बदलली म्हणून की काय, ती बसेना. दोनदा उठून दारात आली. तोवर आबारावनं दातांची गोष्ट चावडीपर्यंत पोचवलीच होती. कोपऱ्यात कोंबडीच्या डालग्याजवळ बसून कडूबानं तिच्या पाठीवर हात ठेवला. आईविना कोकरू दुसऱ्या मेंढीला लावताना ठेवायचा, तसाच. जेवायलाही उठला नाही. आसराबाईनं भाकरी तिथंच नेऊन दिली, आणि पहिल्यांदाच त्याच्या न उठण्याचं तिला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी कोंबडी पंख पसरून बसली.

एकविसाव्या दिवशी नऊ पिलं निघाली. म्हातारी कोणाला जवळ फिरकू देत नव्हती. आसराबाईच्या मनगटाला तर तिनं चांगलीच चोच मारली. कडूबाचा हात तेवढा तिला चालत होता. पंखाखाली हात घालून तो दिवसातून चारदा पिलं मोजायचा.

आठवड्यानं, नऊ पिलांचं ऐकून, आबाराव दारात आला. जरा चुळबुळला.

"कडूबादादा, घरी चार तलंगा हायत. कोणची ठिवावी कळंना. आणू का हिकडं?"

"नगं. मीच येतो." कडूबा उठला. "अगं, माझी काठी दे."

आसराबाईनं खुंटीवरची काठी काढली, धूळ पुसून त्याच्या हातात दिली. त्याचा हात न धरता ती चार पावलं मागून चालत राहिली. काठी वाट बराबर ओळखत होती.

आबारावच्या अंगणात माणसं जमली होती. कडूबानं पहिली तलंग मांडीवर घेतली, सावकाश चोच उघडली आणि आत अंगठा घातला. आबारावची मान खाली गेली.

"दोनदाती हाय," कडूबा गंभीरपणे म्हणाला. "ठिव."

हसायचं कसं, कोणाला कळेना. मग कडूबाच हसला, खदखदून, डोळ्यांत पाणी येईतो.

कुडाच्या आडोशाला उभ्या आसराबाईनं पदर तोंडाला लावला. हे हसणं मेंढरांबरोबरच गेलं, असं तिनं गृहीत धरलं होतं.