अस्तनीतली शहाणी

मेलेल्या माणसाचं दुःख चारचौघांत सांगता तरी येतं. लग्न करून गेलेल्या भावाचं सांगायचं कुणाला? लोक उलट अभिनंदन करतात.

दोघं भाऊ जन्मभर एकाच घरात राहिले. आईवडील गेले, तरी राहिले. थोरला पोस्टात होता. धाकटा कवळ्या करायचा. दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत, दिव्याखाली मान घालून, साच्यावर एकेक दात बसवत. पेशंट पुढच्या दाराने येत आणि पुढच्याच दाराने जात. पंचवीस वर्षांत शेकडो माणसं त्याने केलेल्या दातांनी जेवली, पण त्यातलं एकही त्याने हसताना पाहिलं नव्हतं. मग चौपन्नाव्या वर्षी दादाला अचानक कुणीतरी भेटली आणि चार महिन्यांत तो दुसऱ्या शहरात संसार मांडून मोकळा झाला. भांडण नाही, तंटा नाही. जाताना म्हणाला, "काळजी घे रे छोट्या." छोट्या एक्कावन्न वर्षांचा होता.

पुढे एका सोमवारी डॉक्टरीणबाईंनी त्याला काहीतरी विचारलं आणि त्याच्या घशातून आवाजच फुटेना. खाकरून खाकरून त्याने उत्तर दिलं. मग लक्षात आलं, शुक्रवार संध्याकाळपासून आपण एक अक्षर बोललेलो नाही.

त्याच आठवड्यात दवाखान्याच्या फळ्यावर कुणीतरी चिठ्ठी लावली: 'पाळीव उंदीर चांगल्या घरी द्यायचे आहेत. थट्टेखोरांनी फोन करू नये.' त्याने ती तीनदा वाचली. कुत्रा झेपला नसता, मांजर कुणाला विचारत नाही. उंदीर मात्र, का कोण जाणे, जमेलसं वाटलं.

चिठ्ठी लावणाऱ्या बाई निवृत्त ग्रंथपाल निघाल्या. पुस्तक उशिरा आणणाऱ्याकडे बघावं तसं त्यांनी त्याच्याकडे बघितलं.

"किती हवेत?"

"एक. मी एकटाच असतो."

"एक देत नाही. तुम्ही कामावर गेलात की तिनं कुणाशी बोलायचं? दोन न्या, नाहीतर राहू द्या."

तो दोन न्यायला तयार झाला. बाईंनी मोठ्या पिंजऱ्याचं दार उघडलं. आत दोन महिन्यांच्या पाच बहिणी होत्या. "डोळे स्वच्छ आहेत ना बघा. शिंका नकोत. छातीशी कान लावा, घरघर ऐकू आली तर सांगा. आणि हात आत ठेवून पंधरा मिनिटं गप्प बसा. निवडायचं काम त्यांच्यावर सोडा."

त्याने हात ठेवला. राखाडी डोक्याची एक लगेच आली, बोटं हुंगली, बाहीतून थेट खांद्यावर चढून कान चाटू लागली. ती आगाऊ, तिचं नाव तिथेच पडलं. बाकीच्या येऊन-जाऊन होत्या. एक फिकट, बिस्किटाच्या रंगाची, कोपऱ्यात पाठ टेकून बसली होती. पंधरा मिनिटांत ती तसूभर हलली नाही.

"दुसरी ती," तो म्हणाला.

"ती नको हो. भित्री आहे, फार वेळ लागेल."

"वेळ आहे माझ्याकडे."

तिचं नाव त्याने शहाणी ठेवलं. वर्गात जी पोरं तोंड उघडत नाहीत त्यांना मास्तर शहाणी म्हणतात, तसं.

रविवारी नेहमीप्रमाणे दादाचा फोन आला. मागे भांड्यांचा आवाज आणि वहिनीचं हसणं.

"उंदीर? अरे, लोक घरातले उंदीर पिंजऱ्यात धरून बाहेर सोडतात. तू बाहेरून आणून घरात पिंजऱ्यात ठेवलेस?"

"स्वभावाला बरे असतात."

"आणि तू? तू बरा आहेस ना?"

"बरा आहे."

पाच मिनिटांत फोन संपला.

बाईंनी सांगितल्याप्रमाणे त्याने अंगातल्या जुन्या शर्टाचा तुकडा पिंजऱ्यात टाकला, वास ओळखीचा व्हावा म्हणून. रोज संध्याकाळी बाथरूम कोरडं करायचा, दार लावायचा आणि फरशीवर टॉवेल टाकून दोघींना मोकळं सोडून बसायचा. चमच्यावर थोडं दही, कधी वाफवलेला वाटाणा. "बोलत राहा," बाई म्हणाल्या होत्या, "आवाजाची सवय होऊ दे." पण बोलायचं काय? शेवटी त्याने दिवसभराचं काम सांगायला सुरुवात केली. "आज एका आजींची खालची कवळी केली. रंग जरा पिवळटच ठेवला. सत्तरीनंतर फार पांढरे दात खोटे दिसतात बघ." आगाऊ चष्म्याची दांडी कुरतडत ऐकायची. शहाणी बादलीमागे. तिच्या फक्त मिशा दिसायच्या.

तीन आठवडे झाले आणि त्याचा धीर सुटला. एका संध्याकाळी त्याने बादली सरकवली आणि वरून हात घालून तिला उचललं. ती कर्कश किंचाळली. बोटाला कडकडून चावून ती संडासाच्या भांड्यामागे जाऊन दडली. बोट धुताना त्याला रडू आलं. चावल्याचं नव्हतं ते.

"वरून हात घातलात?" बाई फोनवर म्हणाल्या. "वरून येते ती घार. खालून हात पसरा आणि वाट बघा. आता पुन्हा पहिल्यापासून."

पुन्हा पहिल्यापासून. हात फरशीवर उताणा ठेवायचा आणि बोलत राहायचं. काम संपलं की दादाबद्दल. तो चहा कसा बशीत ओतून प्यायचा, दोघांत एकच छत्री कशी होती. अजून महिना गेला.

एका रविवारी दुपारी, तो कशाबद्दल बोलत होता हे त्यालाही नंतर आठवेना, मनगटाला थंड नाक लागलं. शहाणी सदऱ्याच्या बाहीत शिरली, कोपराच्या खळग्यापर्यंत गेली आणि थांबली. तो श्वास रोखून बसला. तेवढ्यात बाहीतून आवाज यायला लागला. कट्कट्, कट्कट्. दातांवर दात घासल्याचा. त्याचा जन्म दातांत गेला होता. माणसं दात खातात ती ताणाने, झोपेत. बाही ओढून त्याने आत पाहिलं, तर तिचे डोळे आतबाहेर थरथरत होते. त्याने एका हाताने बाईंना फोन लावला.

"काहीतरी होतंय हिला! दात खातेय, डोळे बाहेर येतायत!"

पलीकडे बाई हसायला लागल्या. "अहो, खूश आहे ती! फार खूश झाली की असंच करतात. हलू नका आता."

तो हलला नाही. पाय बधिर झाले. पंचवीस वर्षांत दातांचा असा आवाज त्याने ऐकला नव्हता.

थोड्या वेळाने दादाचा फोन आला. "वहिनी म्हणतेय, चार दिवस ये राहायला."

"आत्ता नको. शहाणी आजच आलीय. बाहीत बसलीय."

"अस्तनीतला निखारा ऐकला होता बाबा, अस्तनीतला उंदीर पहिल्यांदाच ऐकतोय." दादा हसला. मग म्हणाला, "छोट्या, तुझा आवाज वेगळा वाटतोय."

"वाकून बसलोय ना."

"मग त्यांना घेऊनच ये की." मागून वहिनीचा आवाज आला, "काय घेऊन?" आणि फोन कुणाच्या तरी हातून निसटून बंद झाला.

त्याने परत लावला नाही. फोन फरशीवर ठेवला. भिंतीवरचं ऊन वर सरकत गेलं. आगाऊ टॉवेलाची किनार ओढत होती. शहाणी झोपली होती, तिच्या पोटाची ऊब कातडीला लागत होती आणि तो अगदी हळू आवाजात दादाबद्दलचं राहिलेलं सांगत बसला.